चोवीस मिलिमीटर

पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस नकळत शर्टाची बाही खाली ओढतो. सत्तावीस वर्षं मी हे बघत आले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझी ओळख 'ह्या रक्त काढणाऱ्या बाई' अशीच होते. वास्तविक रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. त्यापुढचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, वडिलांनी फौज घेतली आणि मी मिरजेहून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेतला. नोकरी साताऱ्यात लागली. पेंढारकर सरांची लॅब तळमजल्यावर होती आणि वर डॉक्टर निकमांचं वीस खाटांचं हॉस्पिटल. सर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता बोलत. पहिले सहा महिने मी त्यांचं टक्कलच जास्त पाहिलं.

माझं काम जंतू वाढवायचं. पाटणकडचे लोक भात लावत, कडेगावचे ऊस लावत आणि मी जंतू लावत असे. माझं पीक एका रात्रीत कापणीला यायचं, एवढाच फरक. पेशंटचं रक्त पोषक रसाच्या बाटलीत घालून उबदार पेटीत ठेवायचं. त्यात जंतू असतील तर ते वाढतात. मग ते जंतू काचेच्या बशीत, जेलीसारख्या थरावर सारवल्यासारखे एकसारखे पसरायचे आणि वर कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिनवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी बशीत जंतूंचा पांढुरका थर आलेला असतो. जे औषध जंतूला मारतं, त्याच्या टिकलीभोवती मात्र काही उगवत नाही, तिथं स्वच्छ मोकळं वर्तुळ दिसतं. पट्टीनं त्या वर्तुळाची रुंदी मोजायची आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून रिपोर्टमध्ये लिहायचं की हे औषध चालतं, हे चालत नाही. वीज गेली की मी उबदार पेटीत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या सरकवून ठेवायची. सर म्हणायचे, "कांबळे, एवढी काळजी माणसं माणसांची घेत नाहीत."

नव्वदीच्या सुरुवातीला टायफॉइडनं आम्हाला चांगलंच हैराण केलं. गावाकडे त्याला मुदतीचा ताप म्हणत, कारण औषध नव्हतं तेव्हा तो आपली मुदत भरल्याशिवाय उतरत नसे. नंतर क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल आल्या आणि पुढची कितीतरी वर्षं टायफॉइड म्हणजे त्या कॅप्सूल हे ठरूनच गेलं. पण माझ्या बशीत आता वेगळं दिसू लागलं होतं. क्लोरॅम्फेनिकॉलच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवत होते. सोबतच्या दोन जुन्या औषधांचीही तीच गत होती.

त्याच काळात पानस्कर सुभेदार आले. पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात त्यांचं गाव. फौजेतून निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली, पण पाठ अजून परेडमधली. त्यांची सून सुनंदा बारा दिवस तापानं फणफणत होती. पाटणला कॅप्सूल देऊन झाल्या होत्या. ती बरळायला लागल्यावर त्यांनी तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला आणलं. घरी तिची दोन वर्षांची मुलगी होती. नवरा, म्हणजे सुभेदारांचा मुलगा, सीमेवर.

वर हॉस्पिटलात बायकांच्या खोलीजवळ पुरुषांना फार वेळ बसू देत नसत, म्हणून सुभेदार खाली लॅबच्या बाकावर येऊन बसत. सोबत पिशवीत घायपाताच्या पानांचे धागे, म्हणजे वाख, आणलेला. मांडीवर तळहातानं तो वळत, दोराचे पेड करत बसायचे. माझे वडीलही फौजेत होते हे कळल्यावर ते मला 'ताई' म्हणू लागले, आणि मी बशा पेटीत ठेवताना माझ्याकडे टक लावून बघू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "आवं ताई, एक सांगा. पोराला तार करू का?"

हा प्रश्न साधा नव्हता. सीमेवर असलेल्या जवानाला घरून तार गेली की तो काय समजतो, हे फौजी घरात वाढल्यामुळे मला ठाऊक होतं. असलं काही सांगायचा मला अधिकार नव्हता. ते डॉक्टरांचं काम. पण सकाळीच मी सुनंदाची बशी उघडली होती. तीन जुन्या टिकल्यांभोवती काहीच मोकळं नव्हतं. चौथी टिकली सिप्रोफ्लॉक्सॅसिनची होती. हे औषध आमच्याकडे तेव्हा नवंच होतं. तिच्याभोवतीचं वर्तुळ एवढं मोठं होतं की शेजारच्या टिकलीपर्यंत जाऊन भिडलं होतं. मी पट्टी लावली, तेहतीस मिलिमीटर. पुस्तकाच्या हिशेबानं एकवीस असले तरी पुरे होते. रिपोर्ट वर गेला होता आणि डॉक्टर निकमांनी औषध बदलून सुरूही केलं होतं.

मी म्हटलं, "चार दिवस थांबा, सुभेदार."

ते थांबले, पण गप्प बसले नाहीत. हे औषध नेमकं करतं काय, हे त्यांना हवं होतं. शत्रूला कुठं गाठलं ते कळल्याशिवाय फौजी माणसाला झोप येत नाही, म्हणाले. मी सरांकडे पाहिलं. सरांनी डोकं वर केलं, ही मोठीच गोष्ट. म्हणाले, "सांगा की. तुम्हाला येतंय का बघू."

मी सांगायला लागले. जंतू एकाचे दोन होऊन वाढतो, तासाभरात दोन-तीनदा. प्रत्येक वेळी त्याला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. डीएनए म्हणजे त्याचा सगळा आराखडा लिहिलेला एक दोर, दोन पेड एकमेकांभोवती वळलेला. हा दोर जंतूच्या अंगापेक्षा शेकडो पटींनी लांब असतो, म्हणून तो पिळून, मुरडून आत कोंबलेला असतो. नक्कल करायची तर दोन पेड एकमेकांपासून उलगडावे लागतात. इथवर सुभेदार ऐकत होते. मग त्यांनी स्वतःच मांडीवरचा दोर उचलला, त्याचे दोन पेड मधूनच फाकवले आणि जोरानं ओढले. फाकवलेल्या जागेच्या पुढचा भाग करकचून आवळला आणि दोर मुरड खाऊन गोळा झाला.

"ह्ये असं व्हतंय बगा," ते म्हणाले. "मागनं उलगडाय लागलं की पीळ म्होरं दाटतो. मग त्ये म्होरं सरकत न्हाई. आमी टोक मोकळं सोडून फिरवतो, पीळ निगतो."

मी म्हटलं, "जंतूच्या दोराला टोकच नाही. तो बांगडीसारखा गोल असतो."

त्यांनी दोराची दोन्ही टोकं मुठीत धरली, गोल केला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "मग कापाय लागंल. कापायचा, पीळ काडायचा, लगीच परत सांदायचा."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. कॉलेजात ही गोष्ट शिकायला आम्हाला दोन तास आणि तीन आकृत्या लागल्या होत्या. जंतूजवळ याच कामासाठी एक प्रथिन असतं, गायरेज नावाचं. ते दोर कापतं, पीळ काढतं आणि पुन्हा सांधतं, आणि इतक्या वेगानं की नक्कल करणारी यंत्रणा मागून न थांबता येत राहते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या गायरेजला नेमक्या क्षणी पकडतं. दोर कापून झालेला असतो, सांधायचा राहिलेला असतो, तेवढ्यात हे औषध तिथं जाऊन अडकतं. गायरेजचे हात जागच्या जागी बांधले जातात. मागून येणारी यंत्रणा त्याच्यावर येऊन आदळते, दोराचे तुकडे होतात आणि जंतू मरतो. म्हणजे हे औषध बाहेरून काही तोडत नाही. जंतूच्याच कारागिराला अर्ध्या कामात थोपवून धरतं. आपल्या पेशीतही असे कारागीर आहेत, पण त्यांची घडण वेगळी. डॉक्टर देतात त्या मात्रेत औषधाला ते सहसा सापडत नाहीत.

हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा, कारण वरून नर्स बघायला आली. मला त्या औषधाचं खरोखर कौतुक वाटत होतं आणि आजही वाटतं. ज्या कुणी माणसांनी हे शोधलं, त्यांनी एवढ्याशा जंतूच्या आत, एका क्षणाच्या फटीत बोट घातलं होतं.

नवं औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी सुनंदाचा ताप उतरला. पाचव्या दिवशी तिनं भात मागितला. सुभेदारांनी तार केली नाही. साधं पत्र लिहिलं आणि त्यात शेवटी एक ओळ घातली, 'सुनबाईंस थोडा ताप आला होता, आता बरे आहे.' मला वाचून दाखवलं. जाताना सरांच्या हातात हात दिला, मला नमस्कार केला आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरचं औषधाचं नाव वहीत उतरवून घेतलं.

पुढची पाच-सहा वर्षं त्या औषधाचीच होती. टायफॉइडच्या प्रत्येक बशीत ती मोठी वर्तुळं दिसायची. सर म्हणायचे, असा काळ एखाद्याच्या नोकरीत एकदाच येतो. पण औषध चांगलं आहे हे सगळ्यांनाच कळलं. सर्दी झाली की लोक दुकानातून त्या गोळ्या घेऊ लागले. सर्दीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही, तरी दोन दिवस घ्यायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या. मला हे दिसत होतं. मी कपाळाला आठ्या घालण्यापलीकडे काही केलं नाही.

नव्वदीच्या शेवटाकडे एका सकाळी सुनंदा लॅबच्या दारात उभी राहिली. मी ओळखलं नाही, अंगानं भरली होती. या वेळी आजारी होते सुभेदार, वर हॉस्पिटलात. वय सत्तरीला टेकलेलं. त्यांच्या रक्तात टायफॉइडचाच जंतू मिळाला होता आणि त्याचा रिपोर्ट मीच, नळीवरचा नंबर बघून, नाव न बघता लिहिला होता: सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालतं. डॉक्टर निकमांनी पूर्ण मात्रा दिली होती. सात दिवस झाले होते आणि ताप तसाच होता.

सुनंदानं रिपोर्टचा कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"ताई, तुमच्या कागदावर लिवलंय, चालतंय. मग चालत का न्हाई?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं. बोलता बोलता तिच्याकडून कळलं की ती बरी झाल्यापासून सुभेदार गावात त्या गोळीचे प्रचारकच झाले होते. कुणाला ताप आला, खोकला आला, पोट बिघडलं, की घरच्या डब्यातल्या दोन गोळ्या आणि वर दोराची गोष्ट. लोकांना गुणही येई, कारण असले आजार आपले आपणच बरे होतात. स्वतः तेही घेत. त्या औषधाचं कौतुक मीच त्यांच्या हातात दिलं होतं, आकृतीसकट. आणि ते कसं घ्यायचं, किती दिवस घ्यायचं आणि कधी घ्यायचं नाही, यातलं अक्षरही बोलले नव्हते.

टायफॉइडचा जंतू मिळाला की त्याचा थोडा साठा आम्ही बुचाच्या छोट्या नळीत फ्रिजमध्ये ठेवत असू. सुभेदारांची नळी काढली आणि तपासणी पहिल्यापासून केली. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. चोवीस मिलिमीटर. पुस्तकातली मर्यादा एकवीस. म्हणजे रिपोर्ट नियमाप्रमाणे बरोबर होता. पण सुनंदाच्या बशीतलं तेहतीसचं वर्तुळ माझ्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. सगळ्या चांगल्या वर्षांत मी तिशीच्या खाली क्वचितच उतरले होते.

लघवीच्या तपासणीसाठी आमच्याकडे नॅलिडिक्सिक ॲसिडच्या टिकल्या असत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्याच घराण्यातलं हे थोरलं औषध. तेही गायरेजलाच धरतं, पण त्याची पकड जरा दुबळी, म्हणून ते मूत्रमार्गाच्या आजारापुरतं वापरत. टायफॉइडला ती टिकली लावायची पद्धत आमच्याकडे नव्हती. मी लावली. मनात एवढंच होतं, की धाकट्याचं काही बिनसलं असेल तर थोरल्याला विचारून बघावं.

दुसऱ्या सकाळी नॅलिडिक्सिकच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवले होते. वर्तुळ शून्य.

मी बशी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग म्हणाले, "कारागीर बदललाय." या जंतूच्या गायरेजची घडण एका जागी किंचित बदलली होती. थोरल्या औषधाला तिथं धरायलाच जागा उरली नव्हती. धाकट्याला अजून थोडी पकड मिळत होती. बशीत ती पकड पुरत होती, माणसाच्या अंगात पुरत नव्हती. पुस्तकातली एकवीसची रेघ या जंतूला पकडू शकत नव्हती.

सरांनी तिथूनच वर फोन लावला. डॉक्टर निकमांनी पाच मिनिटांत वेगळ्याच घराण्यातलं इंजेक्शन सुरू केलं. ते डीएनएच्या वाटेला जात नाही, जंतूला आपली बाहेरची भिंत बांधू देत नाही. पण तोवर आजाराचा तिसरा आठवडा लागला होता. त्याच दिवशी दुपारी सुभेदारांच्या आतड्यातून रक्तस्राव सुरू झाला. चार बाटल्या रक्त द्यावं लागलं. रक्त जुळवायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे माझे हात चालत राहिले, हे बरं झालं. सुनंदानं या वेळी नवऱ्याला कळवलं. तो तिसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा रक्तस्राव थांबला होता. सहाव्या दिवशी ताप उतरला.

सगळं सुरळीत झाल्यावर मी फ्रिज उघडला. त्या वर्षातल्या टायफॉइडच्या जेवढ्या नळ्या होत्या, त्या सगळ्या काढल्या आणि प्रत्येकीला नॅलिडिक्सिकची टिकली लावली. कुणी सांगितलं नव्हतं. सुभेदारांची सोडून आणखी सहा बशांमध्ये वर्तुळ नव्हतं. सहाही रिपोर्टांवर माझ्या अक्षरात 'चालतं' असं लिहिलेलं होतं. पाच पेशंट उशिरानं का होईना, बरे होऊन घरी गेले होते. सहावी कडेगावची एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. तिचं रक्त तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे फक्त तपासायला पाठवलं होतं. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ताप उतरेना म्हणून दहाव्या दिवशी तिला सांगलीला हलवलं. आतडं फुटलं होतं. ती गेली.

मी त्यांना बशीबद्दल सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमचा रिपोर्ट नियमाप्रमाणे बरोबरच होता हो."

दिलासा म्हणून म्हणाले होते. मला त्या वाक्याचा दिलासा कधी वाटला नाही. मी त्या मुलीला पाहिलेलं नव्हतं. तिच्या नळीवरचा नंबर मात्र अजून पाठ आहे.

त्यानंतर आमच्या लॅबनं टायफॉइडच्या प्रत्येक जंतूला ती टिकली लावायला आणि वर्तुळ आलं नाही तर रिपोर्टवर एक ओळ जास्त लिहायला सुरुवात केली: नॅलिडिक्सिकला दाद नाही, सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर विसंबू नये. वर आकडा मर्यादेपेक्षा मोठा आणि खाली ही ओळ. काही डॉक्टर चिडले. एकानं फोन करून विचारलं की एकाच कागदावर दोन तोंडांनी बोलता कसं. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, की बशी जे बोलते तेच लिहिलंय, औषध कुठलं द्यायचं ते तुम्ही ठरवा. फोन ठेवून मला म्हणाले, "ओळ काढायची नाही." पुढे ही टिकली लावणं बऱ्याच ठिकाणी नेहमीचं झालं. तेव्हा आमच्यासमोर फक्त बशा होत्या.

दोनेक महिन्यांनी सुभेदार आले. सदरा अंगावर लोंबत होता, हातात काठी, पण पाठ सरळ. त्यांना तो जंतू बघायचा होता. सरांनी परवानगी दिली. त्यांच्याच नळीतल्या जंतूचा एक थेंब मी काचेच्या खोलगट पट्टीत चारी बाजूंनी बंद केला, सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि मागे उभी राहिले. त्यांनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. थेंबात बारीक कांड्यांसारखे जंतू सुळकन इकडून तिकडे पोहत होते.

"ह्योच का?"

"हाच."

"लय चपळ हाय." त्यांनी दुसरा डोळा लावून पाहिलं. "ह्यो शिकला कुठनं, ताई?"

मी सांगितलं की तो शिकत नाही. कोट्यवधींत एखादा चुकून वेगळा निपजतो. आपण अर्धवट गोळ्या खातो, तेव्हा साधे मरतात आणि तो वेगळा मागे राहतो. मग सगळं रान त्याचंच.

त्यांनी डोळा काढला नाही. "म्हंजी आमीच निवडून ठेवला."

"आपण सगळ्यांनी. मीसुद्धा," मी म्हटलं. "तुम्हाला तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली होती."

ते सरळ झाले, माझ्याकडे पाहिलं. "आन् उद्या ह्या इंजेक्शनलाबी चुकवाय लागला तर?"

"तर तसं कागदावर लिहीन. पुस्तकात नसलं तरी लिहीन."

ते मान हलवत उठले. काठी घेतली आणि दाराशी जाऊन थांबले. म्हणाले, येत्या शनिवारी गावच्या शाळेत माणसं जमवतो, तुमी या आणि उरलेली अर्धी सांगा.

शनिवारी मी पाटणची पहिली एसटी धरली.